नऊ फुटांत आठ जणी

माझं लग्न जमलं ते एका शब्दाच्या आधाराने. वडिलांनी स्थळासाठी माझी माहिती लिहिली तेव्हा नोकरीच्या रकान्यात वळणदार अक्षरात ‘वराहपालन, पर्यवेक्षक’ असं लिहिलं. वराह म्हणजे विष्णूचा तिसरा अवतार, एवढं माझ्या सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगी कुठल्याशा देवस्थानात कामाला आहे असं समजून त्यांनी होकार दिला. डुक्कर हा शब्द निघाला तो साखरपुड्यानंतर. तोवर पेढे सगळ्यांच्या पोटात गेले होते. माझ्या नवऱ्याला खरं काय ते आधीपासून माहीत होतं, पण आपण होऊन तोंड उघडण्याचा त्याचा स्वभाव नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. बोरिवलीला आमच्या दोन खोल्या आणि माणसं आठ. सासरे पूर्वी गिरणीत होते, आता एका इमारतीच्या दारावर वॉचमन होते. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, माझा नवरा आणि मी. मी रोज बसने चारकोपला जायची आणि तिथून खाडीच्या बाजूला चिखल तुडवत डुकरांच्या वाड्यावर. संध्याकाळी परत आले की दाराबाहेर पाण्याची बादली आणि धुतलेले कपडे तयार असत. मोरीत आंघोळ होईपर्यंत मला घरातल्या कशालाही हात लावायची बंदी होती. हा नियम सासूबाईंचा. त्या मालवणकडच्या, आणि डुक्कर हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही. त्या म्हणायच्या, “तुझी ती माणसां.”

“जेवान झाला काय तुझ्या त्या माणसांचा?” मोरीच्या दारातून रोज प्रश्न यायचा.

मी साबणाच्या फेसातून हो म्हणायची. पण खरं सांगायचं तर जेवण हाच तिथला सगळ्यात मोठा गोंधळ होता.

वाड्याचे मालक बोटीवरून निवृत्त झालेले गृहस्थ. बारा महिने अर्धी चड्डी आणि डोक्यावर बोटीवरची टोपी. पूर्वी ते एकेका डुकरिणीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवत. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, हे कळपातलं जनावर आहे, एकटं ठेवलंत तर खंतावतं. मालकांना पटलं. त्यांनी पिंजरे काढले, आठही गाभण डुकरिणी एका मोठ्या कोठ्यात सोडल्या, आणि भिंतीलगत सिमेंटची नऊ फूट लांब गव्हाण बांधून घेतली. नऊच का, तर भिंत तेवढीच मोकळी होती.

डुकरिणींना नावं नव्हती. कानात बिल्ले होते आणि बिल्ल्यांवर आकडे. योगायोग असा की आकडे आणि दरारा एकाच क्रमाने लागले. पहिली ही प्रचंड बाई. ती चालायला लागली की बाकीच्या वाट देत. दुसरी आणि तिसरी तिच्या मर्जीतल्या. चौथी ते सहावी आपापलं बघून घेणाऱ्या. सातवी चलाख, कुणाच्या तरी पायांतून तोंड घालून चार घास मिळवायचीच. आणि आठवी मागे उभी.

खाणं यायचं अंधेरीच्या हॉटेलांतून आणि लग्नाच्या हॉलांतून. मालकांचा त्यावर फार भरवसा. “मॅडम, आपल्यापेक्षा भारी खातात ह्या,” ते म्हणायचे. खोटं नव्हतं. लग्नसराईतल्या सोमवारी गव्हाणीत पुलाव, पुऱ्या आणि पाकासकट गुलाबजाम असत. पण गाभण डुकरिणीला वाटेल तेवढं घालून चालत नाही, माजली की विताना हाल होतात. म्हणून खाणं बेतानं, सकाळी एकदाच. असलं तुपकट खाणं बेतानं घातलं की दहा मिनिटांत संपतं, आणि पोट काही भरत नाही. मग दिवसभर आठ भुकेल्या बायका एका खोलीत. त्या भिंती चावायच्या, दाराचा कडीकोयंडा चावायच्या, आणि चावायला आणखी काही उरलं नाही की आठवीचे कान चावायच्या.

डुकरीण अंगाने कशी आहे हे बघायची एक सोपी रीत आहे. कमरेच्या हाडावर तळहात ठेवायचा. जोर लावूनही हाड लागलं नाही तर ती माजलेली. थोडं दाबल्यावर लागलं तर ठीक. आणि न दाबताच हाताला लागलं तर तिची उपासमार चाललेली आहे, मग गव्हाणीत काहीही पडत असो. पहिलीच्या कमरेवर मी दोन्ही हातांनी रेटलं तरी हाड सापडलं नव्हतं. आठवीचं लांबूनच दिसत होतं.

मालकांनी एक दिवस तिच्याकडे बघून टोपी मागे सरकवली. “मॅडम, आठ नंबरची वाट लागली. देऊन टाकू खाटकाला. पुढच्या महिन्यात तो येतोयच.”

“तिच्यात काही खोट नाही,” मी म्हटलं. “तिला खायलाच मिळत नाही.”

“आठ जणींचं घालतो ना मी. बाकीच्या सात खातात, तिलाच काय झालं?”

मला राग लवकर येतो आणि राग आला की मी शब्द देऊन बसते. “महिनाभर थांबा, नाही तिची कंबर भरली तर खुशाल द्या,” मी म्हणाले. परत जाताना बसमध्ये लक्षात आलं की मी दुसऱ्या कुणाचा तरी जीव पणाला लावून आले आहे.

त्या संध्याकाळी आंघोळ करता करता मी सासूबाईंना आठवीबद्दल सांगितलं. त्या मोरीबाहेर पाटावर बसून मांदेली साफ करत होत्या. हात थांबला.

“पोटुशी आसा?”

“हो.”

“आणि तिका जेवूक देणत नाय?”

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमी चार जावा होतंव. सकाळी धाच्या पेजेक उशीर झालो काय चुलीकडे भांडाण ठरलेला. पेज पोटात गेली काय सगळ्यो गप. तुझ्या त्या माणसांका पेज घाल. घट नको, पातळ कर. पोट भरूक होया, अंगाक लागाक नको.”

मी पशुपालनाच्या डिप्लोमाला दोन वर्षं घालवली होती. पोट भरावं पण अंगाला लागू नये, हे तिथे आम्हाला तीन तक्ते काढून शिकवलं होतं आणि परीक्षेनंतर मी ते विसरूनही गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी एका जुन्या पिंपात पेज शिजवायला लागले. हॉटेलचं खाणं निम्म्यावर आणलं. त्यात भाताचा कोंडा, भाजीबाजारातला कोबीचा पाला, चिरलेलं गवत आणि भरपूर पाणी. वर चवीला वर्सोव्याहून आणलेला सुक्या मासळीचा चुरा. मालकांनी पिंपात डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. गुलाबजाम खाणाऱ्या डुकरिणींवर कोबीच्या पाल्याची वेळ यावी याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी पहिलीने पेजेत तोंड घातलं, बाहेर काढलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी माफी मागायच्या बेतात होते. पण चौथ्या दिवशी तीच पेज अर्धा तास पुरली. जेवण झाल्यावर डुकरिणी चक्क आडव्या झाल्या. कडीकोयंड्याला कुणी तोंड लावलं नाही. आठवीच्या कानावरच्या जखमांना खपली धरली.

कंबर मात्र भरेना. कारण साधं होतं. गव्हाण नऊ फूट, तिथे सहा जणी मावायच्या. सातवी घुसायची. आठवीची पाळी येईपर्यंत तळाला पाणी आणि कोबीचे दांडे.

“आठवी जेवली काय गो?” आता प्रश्न असा यायला लागला होता. बाकीच्या सात जणींची चौकशी सासूबाईंनी बंदच केली.

“नाही, आई. जागाच होत नाही तिला.”

“मगे जागा कर.”

आता आमच्या घरातल्या जागेबद्दल सांगायला हवं. त्या दिवाळीनंतर आमच्याकडे डायनिंग टेबल आलं होतं. थोरले दीर, म्हणजे आमचे भावजी, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये ग्रिल आणि सरकते दरवाजे जोडायचे. उरलेल्या लोखंडी अँगलचे पाय, वर लाकडी रेघांचा सनमायका, असं झकास टेबल त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलं. चाळीतून बघायला माणसं आली. सासऱ्यांनी त्या दिवशी वॉचमनचा गणवेश न उतरवताच जेवण केलं, शोभा म्हणून. टेबलाची एक आखूड कड भिंतीला आणि दुसऱ्या कडेला जायचा रस्ता. तीन खुर्च्या इकडे, तीन तिकडे. माणसं आठ.

खाली बसायचो तेव्हा कुणी आलं की सगळे म्हणायचे, सरका जरा, आणि जागा व्हायची. खुर्च्या सरकवून सातवी खुर्ची होत नाही. सासरे, भावजी, नवरा, दोन मुलं, झाली पाच. सहाव्या खुर्चीवरून माझं आणि जाऊबाईंचं जे काही चाललं, ते आता लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. मी सकाळची बस गाठायची म्हणून आधी बसायची. रात्री जाऊबाई मुलांना भरवायचं निमित्त काढून आधीच पदर खोचून खुर्चीत. एकदा मी खुर्चीवर पर्स ठेवून हात धुवायला गेले, तर पर्स खिडकीत आणि जाऊबाई खुर्चीत. आम्ही दोन दिवस एकमेकींशी मुलांमार्फत बोलत होतो. सासूबाई उभ्या राहून वाढायच्या आणि म्हणायच्या, “बसा तुमी. माझा मागसून होतला.”

तर जागा करायची म्हणून मी भावजींनाच गाठलं. गव्हाण तीन फुटांनी वाढवायची होती, कोपऱ्यात वळवून, आणि मधे मधे लोखंडी आडोसे घालायचे होते. एका रविवारी चारकोपला ग्रिलची ऑर्डर आहे असं सासऱ्यांना सांगून ते माझ्याबरोबर आले. सिमेंटचं काम गवंड्याने आधीच करून ठेवलं होतं.

“एकेकीला किती जागा?” त्यांनी विचारलं.

“मापून बघावं लागेल. सगळ्यात रुंद जी आहे तिच्या खांद्याचं माप घ्या.”

सगळ्यात रुंद म्हणजे पहिली. भावजींनी टेप काढला. पहिलीने टेपचं टोक तोंडात धरलं आणि शांतपणे चालू लागली. चौदा फुटांपर्यंत टेप उलगडत गेला, मग तुटला. भावजी बराच वेळ हातातल्या रिकाम्या डबीकडे बघत राहिले.

“अठरा इंच धरू,” शेवटी ते म्हणाले. “टेबलाला मी माणशी अठरा इंचच धरले होते. जेवायला बसलेल्या माणसाला पुरतात.”

“अहो भावजी, ही माणसं नाहीत.”

“आई माणसांच म्हणते ना.”

मी पहिली खात असताना मागून सुतळीने खांदा मापला. अठरा इंचांत ती बसली आणि बोटभर जागा उरली. अठरा इंचांनी आठ जणी म्हणजे बरोबर बारा फूट. भावजी खूष झाले. त्यांनी खांद्यापर्यंत येतील असे आडोसे जोडून दिले आणि मग भिंतीवर बसून पेज वाढताना बघत राहिले. मधे दांडा असला की शेजारणीच्या वाट्याला तोंड घालायला आधी आपला वाटा सोडून मागे यावं लागतं, आणि तेवढ्यात आपल्या वाट्यावर दुसरीच कुणी यायची. पहिलीने एकदा करून बघितलं, तिची जागा तिसरीने घेतली, आणि तिला अख्खी रांग फिरून तिसरीच्या जागेवर जेवावं लागलं. पुन्हा तिने तो उद्योग केला नाही.

आठवी शेवटच्या खणात शिरली. मान खाली घालून इतकी भराभर खात होती की पेज नाकात जाऊन शिंकली. दर दोन घासांनी बाजूला बघायची, आता कुणी ढकलेल म्हणून. कुणी ढकललं नाही. तरी पूर्ण आठवडा ती तशीच खात होती. मग एका सकाळी मी बघितलं, तिने मध्येच तोंड वर काढलं, कोबीचं एक पान सावकाश चावलं, आणि पुन्हा तोंड घातलं. मला त्या चिखलात उभ्या उभ्या रडू आलं. मालकांनी विचारलं, डोळ्यांत काय गेलं. मी म्हटलं, कोंडा.

महिना संपला. खाटीक आला तेव्हा मी मालकांचा हात धरून आठवीच्या कमरेवर ठेवला. त्यांनी दाबलं, आणखी थोडं दाबलं, तेव्हा हाड लागलं. “मी म्हणत होतो ना,” ते खाटकाला म्हणाले, “हिच्यात काही खोट नाही.” मी भांडले नाही. माझ्या आयुष्यातले असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि देवाला हात जोडले. डुकरिणीसाठी आमच्या देवासमोर साखर ठेवली गेली. मग म्हणाल्या, कंबर धरली आहे, जरा तेल लावून दे. त्या पालथ्या झोपल्या, मी तेल कोमट केलं आणि हात ठेवला.

हाताला महिनाभराची सवय होती. तळहात आपोआप कमरेच्या हाडावर गेला. मी दाबलं नव्हतं. हाड लागलं.

मी दुसऱ्या बाजूला हात नेला. तिथेही तेच.

“आई, तुम्ही जेवता ना?”

“जेवतंय मगे. तुमचा सगळ्यांचा झाला काय जेवतंय.”

“काय जेवता?”

“आसता कायतरी.”

काय असायचं ते मला माहीत होतं. दोन पंगती उठल्यावर कढईत माशांची डोकी, तव्यावरची खरपूस भाकर आणि टोपाला लागलेला भात. खाली बसायचो तेव्हा भांडी मधे असायची. त्या बसल्या बसल्या वाढायच्या आणि बसल्या बसल्या जेवायच्या. टेबलावर भांडी मावेनात म्हणून ती ओट्यावर गेली, आणि भांड्यांबरोबर त्याही उभ्या राहिल्या. मी रोज त्यांच्यासमोर सहाव्या खुर्चीत बसून आठवीला जागा कशी होईल याची चर्चा करत होते, आणि त्या मला भाकरी वाढत मन लावून ऐकत होत्या. तीन तीन खुर्च्या, दोन्ही बाजूंचे मिळून नऊ फूट. लाज वाटली मला. इतकी की तेलाची वाटी हातातून कलंडली आणि त्यावरून मी बोलणीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी भावजींना म्हटलं, टेबल दीड फूट लांब करा, दोन्ही बाजूंचे मिळून तीन होतील. त्यांनी नवा टेप काढून खोली मापली. दीड फूट जोडला तर दार उघडत नव्हतं.

“मग टेबल काढा.”

सासरे खवळले. घरात टेबल असलेलं आमचं एकच बिऱ्हाड, आणि गुडघ्यांचं दुखणं, आणि लोक काय म्हणतील. जाऊबाईंचं तोंडही उतरलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. भावजींकडे बघून एवढंच म्हटलं, “आईंची कमरेची हाडं न दाबता लागतात.”

घरातल्या बाकीच्यांना त्याचा अर्थ कळला नाही. भावजींना कळला. कारण त्या रविवारी भिंतीवर बसून त्यांनी मला आठही जणींच्या कमरा दाबताना बघितलं होतं आणि प्रत्येक वेळी विचारलं होतं, ही कशी, आणि ही. त्यांनी उठून पान्हा आणला आणि स्वतःच्या हाताने जोडलेल्या टेबलाचे चारही पाय सोडवले. तो सनमायक्याचा फळा पुढे मी वाड्यावर नेला. कोठ्याच्या दाराला बसवला. पहिली त्याच्यावर रोज पाठ घासायची, लाकडी रेघा पार पुसून गेल्या.

रविवारी दुपारी चटया घातल्या. सासऱ्यांना खाली बसवायला दोन माणसं लागली आणि मग उठवायलाही. आठ ताटं मांडली, भांडी मधे घेतली. सासूबाई पळी धरून उभ्याच.

“बसा तुमी. माझा मागसून...”

“सरका जरा,” जाऊबाई म्हणाल्या. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःचं ताट ओढून घेतलं, मी माझं ओढलं, आणि मधे अठरा इंच झाले. जाऊबाईंनी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली. सासूबाई बसल्या. काय करावं सुचेना म्हणून पदर सारखा केला. मग सोलकढीची वाटी जवळ घेतली आणि मला विचारलं, “आठवी जेवली काय गो?”

“जेवतेय, आई,” मी म्हटलं.

“बरा झाला. तिका सांग, सावकाश जेव.”

आणि स्वतः मान खाली घालून भराभर जेवायला लागल्या, दर दोन घासांनी कुणाला काय हवं ते बघत, अर्ध्या उठत. आठवीला सावकाश जेवायला शिकायला आठवडा लागला होता. सासूबाई शिकेपर्यंत पुढचे गणपती आले.